नाशिक जिल्ह्यातील कृषिभूमि-उपयोगाचा इतिहास

नाशिक जिल्ह्यातील कृषिभूमि-उपयोगाचा इतिहास : महाराष्ट्राच्या वायव्य भागातील नाशिक जिल्ह्यात शेतजमिनीचा विनियोग कालपरत्वे कसा बदलत गेला, याचा आढावा. लागवडीखालील क्षेत्र किती वाढले यापेक्षा तीच जमीन कोणत्या पिकास, कोणाच्या पाण्यावर व कोणत्या बाजारासाठी दिली गेली, हा या इतिहासाचा गाभा होय.

जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची रांग असून इगतपुरी परिसरात वार्षिक पर्जन्य ३०० सेंमी.पेक्षाही अधिक असते. उलट पूर्वेकडील येवला, नांदगाव, मालेगाव हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख ‘डांग’, तर पूर्वेकडील सपाटी ‘देश’ या नावांनी ओळखली जाते. गोदावरी व तिच्या दारणा, कादवा या उपनद्यांच्या काठी खोल काळी जमीन आहे. उत्तरेकडील गिरणा, मोसम, आरम यांचे खोरे तापीला मिळते. काळी, कोराळ, माळ व बरड असे जमिनीचे स्थानिक प्रकार असून कोणत्या जमिनीत काय पेरावे, हे दीर्घकाळ त्यांवरूनच ठरत असे.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : या भागातील शेतजमिनीचे जुने लेखी पुरावे पांडवलेण्यांतील सातवाहनकालीन शिलालेखांत मिळतात. गौतमीपुत्र सातकर्णीने लेण्यातील भिक्षूंना पश्चिम काखडी गावातील दोनशे निवर्तने शेत दान दिले होते. पुढे ते शेत कसले जात नाही व गावही ओस पडले आहे, असे आढळल्याने त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजकीय शेतापैकी शंभर निवर्तने देण्यात आली. कसणारा माणूस नसेल, तर मोठ्या क्षेत्रालाही मोल उरत नाही, हे त्या काळी प्रशासनाने ओळखले होते, असे या लेखावरून दिसते.

बागलाण व कळवण भागांत नदीवर बंधारे घालून पाटाने पाणी देण्याची ‘फड’ पद्धती काही शतके प्रचलित होती. बंधाऱ्याखालील भिजणाऱ्या क्षेत्राचे तीन-चार फड पाडून प्रत्येक फडात एका हंगामात एकच पीक घेत आणि ऊस, खरीप व रब्बी पिके यांची फडांमध्ये फेरपालट करीत. प्रत्येक खातेदाराची जमीन शक्यतो सर्व फडांत असे. त्यामुळे पाणी अपुरे पडल्यास एखादा फड कोरडा ठेवला जाई व तोटा सर्वांवर सारखा पडे. वाटपाचे काम गावाने नेमलेले पाटकरी पाहत. येथे पिकाची निवड व्यक्तीची नसून समूहाची होती. धरणे व विहिरी वाढल्यावर ही पद्धती बहुतेक ठिकाणी मोडली.

ब्रिटिश काळ : १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर हा प्रदेश ब्रिटिशांकडे गेला, १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला. रयतवारी पाहणीने प्रत्येक शेताला क्रमांक, प्रतवारी व रोख सारा लागू झाला. रोख साऱ्यासाठी विक्रीयोग्य पीक घेणे भाग पडू लागले. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग खुला झाल्याने मुंबईची पेठ जवळ आली. तथापि देशावर बाजरी, गहू, हरभरा व डांगात भात, नागली, वरई, खुरासणी हीच मुख्य पिके राहिली. १८७६–७८ व १८९९–१९०० च्या दुष्काळांनी कोरडवाहू शेतीची अगतिकता उघड केली. १८७८ च्या वन अधिनियमानंतर राखीव जंगलांची हद्द आखली गेली. त्यामुळे डोंगरउतारावर दळी पद्धतीने नागली-वरई पिकविणाऱ्या कोकणा, महादेव कोळी, वारली इ. जमातींची वहिवाटीची जमीन कागदोपत्री अतिक्रमण ठरली.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी गिरणेवर चणकापूर (१९११) आणि दारणा नदीवर दारणा (१९१६) ही धरणे पूर्ण झाली. नांदूर मधमेश्वर येथील बंधाऱ्यातून निघालेल्या गोदावरी कालव्यांनी निफाड-येवल्याच्या काही भागास पाणी दिले. मात्र त्यांचे बरेचसे लाभक्षेत्र शेजारच्या अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात होते.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९४८ च्या कूळ कायद्यान्वये १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून कुळे जमिनीची मालक झाली व विहिरी, बांधबंदिस्ती यांत गुंतवणूक करण्यास त्यांना आधार मिळाला. ज्यांना कूळहक्कही नव्हता, अशा भूमिहीनांचा प्रश्न मात्र सुटला नाही. गायराने व पडीक सरकारी जमिनी त्यांना मिळाव्यात, यासाठी १९५९ मध्ये मूळचे नाशिक जिल्ह्याचे दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला.

गंगापूर (१९६५) व गिरणा (१९६९) आणि त्यानंतरची करंजवण, पालखेड ही धरणे, तसेच विहिरींवरील विजेचे पंप यांमुळे मोटेची जागा घेतली गेली व जिरायत जमीन झपाट्याने बागायत झाली. प्रथम ऊस, मग द्राक्षे व कांदा यांनी गहू-बाजरीचे क्षेत्र व्यापले. भोकरी, अनाबेशाही या द्राक्षजाती मागे पडून थॉमसन सीडलेस व तिच्यापासून निवडलेले वाण आले. ठिबक सिंचनाचा प्रसार झाला. एप्रिलमधील खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी यांमुळे बागेला वर्षभर माणूस, पाणी व भांडवल लागते. खरीप, रांगडा व उन्हाळ अशा तीन हंगामांत येणाऱ्या कांद्यास लासलगाव व पिंपळगाव बसवंत येथील बाजारपेठांनी आधार दिला. सटाणा, मालेगाव व देवळा भागांतील हलक्या जमिनींवर डाळिंब पसरले. परंतु तेल्या रोगाने अनेक बागा काढाव्या लागल्या. येवला, मालेगाव इ. भागांत बाजरीच्या जागी मका आला.

सद्यःस्थिती : पूर्वी पाऊस हाच मुख्य धोका होता, आता त्यात गारपीट, रोगराई, निर्यातीचे निकष व शासकीय धोरण यांची भर पडली आहे. २०१० मध्ये रसायनांच्या अवशेषांमुळे युरोपात द्राक्षे अडली. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने बागा झोडपल्या. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात कांदा निर्यातबंदी होती. जायकवाडीसाठी नाशिककडील धरणांतून पाणी सोडण्याचा वाद २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमानंतर तीव्र झाला. नाशिक शहर, औद्योगिक वसाहती व समृद्धी महामार्ग यांखाली गेलेली जमीन पुन्हा शेतीकडे येण्याची शक्यता नाही.

सर्वाधिक पावसाच्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या तालुक्यांत मात्र उन्हाळी पाण्याची टंचाई व वनजमिनीच्या हक्कांचा प्रश्न कायम आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने कसणाऱ्यांच्या नावे जमीन करण्याची तरतूद केली. तिच्या अंमलबजावणीसाठी मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकऱ्यांचा पायी मोर्चा निघाला. फड पद्धतीत टंचाईचा भार गाव वाटून घेत असे; व्यक्तिगत विहीर व बहुवार्षिक बाग यांवरील शेतीत तो एकेका कुटुंबावर येतो. त्यामुळे भूजलाचे नियमन, पाणीवापर संस्थांचा विस्तार व डांगातील जमिनींना मिळणारे संरक्षित पाणी यांवरच जिल्ह्यातील भूमि-उपयोगाचे पुढील स्वरूप मुख्यतः अवलंबून राहील.