संगणक-प्रशासकाचा व्यवसाय : उगम आणि स्वरूप

नव्या यंत्राबरोबर नवा व्यवसाय जन्मास येतो, असा सर्वसाधारण समज आहे. संगणक-प्रशासकाच्या, म्हणजे बोलभाषेतील सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या, व्यवसायास हा समज पुरतेपणी लागू पडत नाही. संगणक आला तेव्हा हा व्यवसाय आला नाही. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावयास आरंभ केला, तेव्हा तो आला. यंत्राच्या गुंतागुंतीपेक्षा त्याचा सामायिक वापर हेच त्याच्या उगमाचे मुख्य कारण होय. हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या व्यवसायात हाती येणारी मोठी सत्ता आणि पदरी पडणारी दुय्यम प्रतिष्ठा ह्या दोहोंचाही उलगडा होतो.

ह्या व्यवसायाचे पूर्वज म्हणजे यंत्रचालक. १९४६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रकट झालेल्या एनिअ‍ॅक यंत्रात सुमारे अठरा हजार निर्वात नलिका होत्या. त्याची जुळणी करून त्यावर गणिते चालविण्याचे काम सहा स्त्रियांनी केले. परंतु त्यांच्या कार्याची योग्य दखल घेतली जाण्यास कित्येक दशके लोटली. पुढील काळात छिद्रित पत्रांचे गठ्ठे स्वीकारून ते क्रमाने यंत्रास पुरविणारा चालकवर्ग तयार झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सी.डी.सी. ३६०० हा संगणक आला, त्या काळी संगणक-केंद्रांतील कामाची सर्वसाधारण पद्धत हीच होती. वापरणारा आणि यंत्र ह्यांच्यामध्ये एक खिडकी होती आणि यंत्राचे रक्षण म्हणजे मुख्यतः त्या दालनाचे रक्षण होते.

ही खिडकी दूर केली ती कालविभाजन-पद्धतीने. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये अशा प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. अनेक जण एकाच यंत्रावर आपापली माहिती ठेवू लागल्यामुळे प्रत्येकास स्वतंत्र परवलीचा शब्द देणे भाग पडले. १९६२ मध्येच अ‍ॅलन शेर ह्या संशोधक विद्यार्थ्याने अधिक यंत्रकाल मिळविण्यासाठी सर्व परवलीच्या शब्दांची यादी यंत्राकडूनच छापून घेतली. त्याच दशकात घडलेला दुसरा प्रसंग अधिक बोधप्रद आहे. दोघे कर्मचारी एकाच वेळी दोन वेगळ्या मजकुरांचे संपादन करीत होते : एक दैनंदिन सूचनेचा, दुसरा परवलीच्या शब्दांचा. संपादनासाठी केल्या जाणाऱ्या तात्पुरत्या प्रतीचे नाव मात्र ठरीव होते. परिणामी दोन्ही मजकुरांची अदलाबदल झाली आणि यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकासमोर सर्वांचे परवलीचे शब्द उमटू लागले. कोणाही एकाचे वर्तन चुकीचे नव्हते. एका वेळी एकच जण हे काम करील, हे गृहीतक चुकीचे होते. अशी गृहीतके हुडकून काढणे हेच पुढे प्रशासकाचे नित्यकर्म ठरले.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनी युनिक्स प्रणालीस आरंभ केला. तीत ‘रूट’ ह्या वापरकर्त्यास नेहमीच्या परवानग्यांचे बंधन नाही : तो कोणाचेही टिपण वाचू शकतो, पुसू शकतो. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत देखभालीसाठी आठवा विभाग स्वतंत्र ठेवलेला आढळतो. काम निश्चित झाले होते. त्यासाठी शिक्षणक्रम मात्र नव्हता. माणसे अन्य विद्याशाखांतून, बहुधा योगायोगानेच, येथे येत.

क्लिफर्ड स्टोल हे ह्याचे ठळक उदाहरण होय. खगोलशास्त्रज्ञ म्हणून मिळणारे अनुदान संपल्यामुळे ते लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संगणक-विभागात आले. १९८६ मध्ये तेथील यंत्रकालाच्या हिशेबात पंचाहत्तर सेंटांची तफावत आढळली. एवढी क्षुल्लक रक्कम कोणीही सोडून दिली असती. परंतु स्टोल ह्यांनी तिचा माग काढला आणि पश्चिम जर्मनीतून सोव्हिएत हेरखात्यासाठी चाललेला शिरकाव उघडकीस आला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस ह्यांनी सोडलेल्या ‘वर्म’ने हजारो यंत्रे निकामी केली, तेव्हाही प्रतिकार उभारण्यात ठिकठिकाणच्या विद्यापीठांतील अशाच मंडळींचा वाटा मोठा होता.

ह्याच सुमारास व्यवसायास आत्मभान आले. युझनिक्स संस्थेने १९८७ मध्ये मोठ्या संगणक-केंद्रांच्या प्रशासकांची पहिली परिषद भरविली. १९८९ मध्ये एव्ही नेमेथ व सहकाऱ्यांचा युनिक्स-प्रशासनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. भारतात वाट थोडी वेगळी होती. १९७८ मध्ये आय.बी.एम. कंपनी देशातून गेल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल सरकारी सी.एम.सी. कंपनीकडे आली. मूळ उत्पादक पाठीशी नसताना यंत्रे चालती ठेवणे, हे येथील एका पिढीचे प्रत्यक्ष शिक्षण ठरले.

एकविसाव्या शतकात ह्या व्यवसायाचा पाया हलला. २००६ पासून भाड्याने मिळणारी दूरस्थ यंत्रे आली. शेकडो यंत्रांची मांडणी लिखित आज्ञांनी होऊ लागली. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन ह्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची गुप्त कागदपत्रे उघड केली. कंत्राटदारातर्फे त्या संस्थेत प्रणाली-प्रशासक म्हणून त्यांनी काम केले होते. त्यानंतर संस्थेच्या प्रमुखांनी प्रशासकांची संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी करण्याचा मनोदय जाहीर केला. तथापि यंत्रांस आज्ञा देणारी यंत्रणाही कोणाच्या तरी हाती राहतेच. विश्वासाचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही; तो थोड्या माणसांच्या हाती अधिक एकवटतो.

ह्या व्यवसायाच्या इतिहासकारापुढे साधनांची एक अडचण आहे. सुरळीत चाललेल्या दिवसाची नोंद कोणी ठेवत नाही. नोंद होते ती बिघाडाची आणि अपराधाची. म्हणून वरील वृत्तान्तही बहुतांशी अपघातांचाच झाला आहे. परवलीच्या शब्दांची अदलाबदल सर्वांस ठाऊक आहे. ज्या असंख्य रात्री ती घडू दिली गेली नाही, त्या मात्र कोणत्याही दप्तरात नाहीत. ह्या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने आणि त्याचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या संशोधकाने ही उणीव प्रथम जमेस धरली पाहिजे.