चित्र कोण वाचतो?



आजचा विषय ऐकून काहींना वाटले असेल, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला जुन्या संगणकाशी काय देणेघेणे? पण विषय इतिहासाचा आहे, आणि काटेवाडीच्या कामाचा आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतल्या कागदांचा प्रचंड साठा आहे. कागद धड आहे, शाई धड आहे. अडते ते वाचणाऱ्यापाशी. मोडी येत नसेल त्याला तिथे नुसती वेलबुट्टी दिसते. संगणकात ठेवलेल्या चित्राचेही असेच असते. ते समजायला जुने घरगुती संगणक फार उपयोगी, कारण तिथे सगळा कारभार उघड्यावर चाले.

१९८४-८५ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून शाळांना संगणक दिले. यंत्र होते बीबीसी मायक्रो, ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे. तिकडे लोक ते घरी टीव्हीला जोडून वापरत. त्याची स्मृती किती? ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर सकाळी येणारे 'सुप्रभात'चे फूल बहुधा याहून जड असते! रंगीत चित्र दाखवायचे तर त्यातले २० किलोबाइट एकट्या पडद्याला लागत. डिस्क जोडली असेल तर यंत्राचा स्वतःचा व्यवहार वजा जाता प्रोग्रामला ६ किलोबाइटसुद्धा उरत नसत.

मग चित्र पाहण्याचा प्रोग्राम एवढ्याशा जागेत बसायचा कसा? तर तो अगदी छोटा असे. पडद्याला नेमून दिलेली स्मृती जशीच्या तशी डिस्कवर उतरवून ठेवायची, आणि पाहायचे तेव्हा पुन्हा त्याच जागी भरायची. एक-दोन आज्ञांचे काम. डिस्क वाचली जाईल तसतसे चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उमटत येई.

आता गंमत बघा. या यंत्रात पडद्याच्या निरनिराळ्या पद्धती होत्या. त्यातल्या तीन पद्धतींना सारखेच २० किलोबाइट लागत. एकीत बारीक ठिपके पण रंग दोनच, दुसरीत चार रंग, तिसरीत रंग जास्त पण ठिपके जाड. डिस्कवरच्या फाइलमध्ये मात्र ती कोणत्या पद्धतीची आहे हे कुठेच लिहिलेले नसे. तेच २०,४८० बाइट चुकीच्या पद्धतीत उघडले की समोर नुसता गोंधळ. एक बाइटही बदललेला नाही, पण चित्र गेले. मग चित्र होते कुठे? फाइलमध्ये की वाचणाऱ्यात? आम्ही म्हणू, दोघांच्या करारात.

हा करार काय काय गमावतो, तेही पाहू. आपल्या काटेवाडीत तुकोबांची पालखी येते, धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचे रिंगण होते. समजा, त्या रिंगणाचे चित्र सिंक्लेअर कंपनीच्या १९८२ सालच्या स्पेक्ट्रम संगणकावर दाखवायचे आहे. पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा, त्याचे ७६८ चौकोन, आणि एका चौकोनात रंग फक्त दोन. पांढरी मेंढी, धनगराचे लाल मुंडासे आणि खालची माती एकाच चौकोनात आली, तर एकाला रंग सोडावाच लागणार. त्यातून मातीचा तपकिरी रंग त्या यंत्रात नव्हताच. लाल आणि पिवळे ठिपके शेजारी-शेजारी मांडून डोळ्याला माती भासवावी लागे. सगळे चित्र ६,९१२ बाइटांचे. कॅसेटवरून यायला पाऊण मिनिटाच्या आसपास लागे. आधी आकृती उमटे आणि रंग शेवटी चढत.

पुढे १९८७ साली कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने जिफ हा प्रकार आणला. त्यातली मोठी सुधारणा कोणती? चित्राने आपली ओळख स्वतःबरोबर ठेवली. फाइलच्या सुरुवातीलाच प्रकाराचे नाव, पुढे लांबी-रुंदी आणि रंगांची यादी. त्यामुळे एका यंत्रावरचे चित्र दुसऱ्या यंत्रावर जाऊ लागले. पीसीवर कॉम्प्युशोसारखे प्रोग्राम आले, लोक ते फ्लॉपीवरून एकमेकांना देऊ लागले. अर्थात पीसीत जुने चार रंगांचे कार्ड असेल तर आपल्या रिंगणातल्या मेंढ्या गुलाबी नाहीतर आकाशी दिसायच्या! पण फाइलमधले मूळ रंग शाबूत राहत. उद्या चांगला पडदा आला की चांगले चित्र. हा फरक फार मोलाचा आहे.

आणि करार हरवला तर? १०८६ साली इंग्लंडच्या राजाने गावोगावची पाहणी करून डोम्सडे बुक लिहून घेतले. त्याला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नवी पाहणी केली. शाळकरी मुलांनी आपापल्या गावांची माहिती आणि छायाचित्रे पाठवली, ती लेझर तबकड्यांवर गेली. वाचायला बीबीसी मायक्रोचाच धाकटा भाऊ, बीबीसी मास्टर, आणि एक खास यंत्र लागे. पुढच्या १५-१६ वर्षांत ती यंत्रे दुर्मीळ झाली. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या लोकांना जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम लिहावा लागला, तेव्हा कुठे तबकड्या बोलल्या. ९०० वर्षांपूर्वीचे पुस्तक मात्र आजही जाणकाराला वाचता येते.

काटेवाडीने यातून काय घ्यावे? लग्नाच्या सीड्या, शाळेच्या संमेलनाचे फोटो, पालखीची छायाचित्रे घराघरांत पडून आहेत. सीडी वाचणारे यंत्र चालू आहे तोवर ती बाहेर काढा. जेपीईजी किंवा पीएनजी अशा, सगळीकडे उघडणाऱ्या प्रकारात दोन प्रती करा आणि वेगवेगळ्या घरी ठेवा. नवीन प्रत झाली म्हणून मूळ फाइल टाकून देऊ नका. आणि एका वहीत, साध्या मराठीत लिहून ठेवा: साल कोणते, फोटोत कोण आहे, फाइल कोणत्या प्रकारची. कारण फोटोतल्या माणसाचे नाव कोणताही प्रोग्राम सांगणार नाही. ते सांगणारी वडीलधारी माणसे आज या मांडवात बसली आहेत. त्यांना विचारून घ्या.