शिवणयंत्राने वाचविलेले तास कोणाचे?



आपल्या अंगातील सदऱ्याची बाजूची शिवण क्षणभर न्याहाळून पाहा. ती एका धाग्याची नसून दोन धाग्यांची आहे. वरचा धागा सुईबरोबर खाली उतरतो, खालचा धागा बॉबीनमधून सुटतो आणि कापडाच्या पोटात दोघे एकमेकांत अडकतात. एवढीशी ही युक्ती; पण तिने जगातील कोट्यवधी माणसांच्या पोटापाण्याची घडी बदलून टाकली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत राजे, लढाया आणि तह भरपूर आहेत. यंत्रावर बसून आयुष्य काढणाऱ्या कारागिराला मात्र तेथे क्वचितच जागा मिळते. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची चूल याच यंत्रावर पेटत असल्याने त्याचा इतिहास आपण जाणून घेणे अगत्याचे आहे.

यंत्र कसे आले?

१८३० साली बार्थेलेमी तिमोनिए नावाच्या एका फ्रेंच शिंप्याने शिवणयंत्राचे पेटंट मिळविले. पॅरिसमध्ये अशी सुमारे ८० यंत्रे मांडून लष्कराचे गणवेश शिवण्याचा कारखाना निघाला. शहरातील शिंप्यांना वाटले, आता आपली भाकरी गेली. जमाव कारखान्यात शिरला आणि त्याने यंत्रांचा चुराडा केला. तिमोनिए स्वतः शिंपीच होता. १८५७ साली तो गरिबीतच मरण पावला.

पुढे अमेरिकेत इलायस हौ याने १८४६ साली दोन धाग्यांच्या टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याने सुईचे नाक मागच्या टोकाऐवजी पुढच्या टोकाशी घेतले होते. हाताने मिनिटाला फार तर चाळीसेक टाके पडतात; हौच्या यंत्राने अडीचशे पडत. १८५१ साली आयझॅक सिंगर याने उभ्या सुईचे, पायाने चालणारे सुधारलेले यंत्र बाजारात आणले. १८५६ पासून त्याच्या कंपनीने ते हप्त्याने विकण्यास सुरुवात केली आणि ज्याच्या हाती रोख रक्कम नव्हती त्याच्याही घरात यंत्र जाऊन बसले. त्या काळी केलेल्या हिशोबाप्रमाणे जो सदरा हाताने शिवण्यास सुमारे चौदा तास लागत, तो यंत्रावर सव्वा तासात होऊ लागला.

वाचलेले तास कोठे गेले?

वाचकहो, येथे जरा थांबून विचार करावा. एका सदऱ्यामागे जवळजवळ तेरा तास वाचले. मग हे तेरा तास शिवणाऱ्याला विश्रांती म्हणून मिळाले काय? त्याची मजुरी दसपट झाली काय?

यंत्रापूर्वी सारे सुखात होते असे समजण्याचेही कारण नाही. १८४३ साली टॉमस हूड या इंग्रज कवीने उपाशीपोटी रात्रंदिवस सदरे शिवणाऱ्या लंडनच्या गरीब स्त्रीवर एक कविता लिहिली आणि तिने सारे इंग्लंड हळहळले. ती स्त्री हातसुईनेच शिवीत होती. तेव्हा दोष यंत्राचा नव्हता. पण यंत्र येताच तिचे दुःख आपोआप संपले असेही झाले नाही. मजुरी नगावर मिळत होती. नग लवकर होऊ लागले, तसा दर नगाचा भाव खाली आला. शिवाय यंत्राचा हप्ता, सुया आणि धागा यांचा खर्च कारागिराच्याच माथी बसला. व्यापारी दलालाला काम देई, दलाल धाकट्या दलालाला देई, आणि प्रत्येक पायरीवर काही ना काही कापले जाऊन उरलेले पैसे शिवणाऱ्याच्या हातावर पडत. लंडनमधील ही पिळवणूक इतकी वाढली की १८८८ साली ब्रिटिश पार्लमेंटला तिच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. अखेर १९०९ साली कायदा होऊन चार धंद्यांत किमान मजुरी ठरविण्यासाठी मंडळे स्थापन करण्याचे ठरले. त्या चार धंद्यांत तयार कपड्यांचे शिवणकाम होते.

यंत्र तास वाचविते. ते तास कोणाच्या पदरात पडावेत हे मात्र यंत्र ठरवीत नाही. ते माणसे ठरवितात. आणि ज्या माणसाला वाचता, मोजता आणि विचारता येते त्याचाच शब्द त्या ठरविण्यात ऐकला जातो.

पुस्तकांसाठी काजे करणारी मुलगी

विद्यार्थिनींनो, ही कथा विशेषकरून तुमच्यासाठी आहे. आजच्या युक्रेनमध्ये एका ज्यू कुटुंबात १८८६ साली क्लारा लेमलिच हिचा जन्म झाला. गावातील शाळेत ज्यू मुलांना प्रवेश नव्हता. त्या रागाने वडिलांनी घरात रशियन भाषेलाच बंदी केली. पण क्लाराला वाचनाचे वेड! ती कपड्यांची काजे करून देई, अडाणी बायांची पत्रे लिहून देई आणि त्या पैशांतून चोरून पुस्तके विकत घेई. १९०३ साली ज्यूंवर भीषण अत्याचार झाल्यानंतर हे कुटुंब देश सोडून न्यूयॉर्कला गेले. तेथे क्लारा कपड्यांच्या कारखान्यात लागली. दिवसभर काम करून संध्याकाळी ती वाचनालयाची वाट धरी.

त्या कारखान्यांत सुई मोडली तर पैसे कापत, आणि यंत्र ज्या विजेवर चाले तिचेही पैसे कामगाराकडून वसूल करीत. २२ नोव्हेंबर १९०९ रोजी न्यूयॉर्कच्या कूपर युनियन सभागृहात कामगारांची सभा भरली. मोठमोठे पुढारी दोन तास भाषणे करीत राहिले. तेव्हा ही २३ वर्षांची मुलगी उठली आणि आपल्या यिडिश बोलीत तिने संपाचा ठरावच मांडला. सुमारे वीस हजार कामगार बाहेर पडले; त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. थंडी, मारहाण, अटक सारे त्यांनी सोसले. १९१० च्या फेब्रुवारीपर्यंत बहुतेक मालकांनी करार केले. आठवड्याचे तास ५२ वर आले आणि सुई-धाग्याचे पैसे कापणे बंद झाले.

कुलूप लावलेले दार

काही मालकांनी मात्र युनियनशी करार करण्याचे नाकारले. ट्रँगल शर्टवेस्ट कंपनी ही त्यांपैकी एक. तिचा कारखाना दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर होता. २५ मार्च १९११ रोजी, शनिवारी, सुटीची वेळ होत आली असता आठव्या मजल्यावर आग लागली. दहाव्या मजल्यावरील कचेरीला टेलिफोनने खबर गेली. नवव्या मजल्यावरील मुलींना ती कोणीच दिली नाही. तेथील एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. मुली माल चोरून नेतील या संशयाने एकाच दारातून झडती घेऊन त्यांना बाहेर सोडण्याची पद्धत होती. आगीतून सुटण्यासाठी असलेला लोखंडी जिना भाराने कोसळला. बंबवाल्यांच्या शिड्या त्या मजल्यापर्यंत पोचेनात. १४६ माणसे मेली. त्यांत १२३ स्त्रिया व मुली होत्या. मालकांवर खटला झाला, पण दार बंद असल्याचे त्यांना माहीत होते हे सिद्ध न झाल्याने ते निर्दोष सुटले.

रस्त्यावर उभे राहून हा प्रसंग पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स नावाची एक सुशिक्षित तरुणी होती. न्यूयॉर्क राज्याने नेमलेल्या चौकशी आयोगासाठी तिने काम केले आणि पुढील काही वर्षांत त्या राज्यात कामगारांच्या सुरक्षिततेचे तीसहून अधिक कायदे झाले. हीच पर्किन्स १९३३ साली अमेरिकेची मजूरमंत्री झाली.

ही फार जुनी आणि दूरची गोष्ट वाटते काय? तर मग शेजारच्या बांगला देशाकडे पाहा. २३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील साभार येथील राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यावरील बँकेने आपली माणसे घरी पाठविली. वरच्या मजल्यांवर कपडे शिवणाऱ्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलाविण्यात आले. इमारत कोसळली आणि १,१३४ जीव गेले. त्यानंतर झालेल्या करारात कारखान्यांच्या तपासणीबरोबर धोक्याच्या जागी काम नाकारण्याचा कामगाराचा हक्कही लिहिला गेला. तडे बँकेच्या माणसांनाही दिसले होते आणि शिवणाऱ्या बायांनाही. फरक इतकाच की एकांना घरी जाता आले, दुसऱ्यांना मजुरी बुडेल या भीतीने जाता आले नाही.

आपल्या देशात

शिवणकाम करणारे अनेक मुसलमान कारागीर हजरत इद्रीस (अलैहिस्सलाम) यांना आपल्या हुन्नराचे आद्य पुरुष मानतात.  यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ साली एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद ठरविले होते. त्याचबरोबर अशी यंत्रे बनविणारे कारखाने सरकारी नियंत्रणाखाली असावेत आणि तेथील कामाची स्थिती चांगली असावी, असेही त्यांचे मत होते. कलकत्त्यात उषा यंत्रे तयार होऊ लागली आणि देशी यंत्र घरोघर पोचले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कारखान्यांचा आणि किमान वेतनाचा असे दोन महत्त्वाचे कायदे झाले.

आज तिरुपूर, बंगळूर, मुंबईची धारावी, गणवेशांसाठी प्रसिद्ध असलेले सोलापूर, अशा ठिकाणी असंख्य हात यंत्रावर चालतात. मोठ्या कारखान्यात एक कारागीर पूर्ण सदरा शिवीत नाही. एक दिवसभर कॉलरच शिवतो, दुसरा कफ, तिसरा बाही जोडतो. यंत्र मिनिटाला चार-पाच हजार टाके घालते आणि तासाला किती नग व्हावेत ते फळ्यावर लिहिलेले असते. दहा वर्षे कॉलर शिवणाऱ्याला पूर्ण सदरा कापता येईलच असे नाही. हुन्नराचे असे तुकडे होतात तेव्हा कारागिराचा भावही घटतो.

तरीही जाणता कामगार काय करू शकतो हे बंगळूरने दाखविले. २०१६ साली भविष्य निर्वाह निधीतील मालकाच्या हिश्श्याची रक्कम ५८ वर्षे वयापूर्वी काढता येणार नाही असा नियम निघाला. वस्त्र कारखान्यांतील बायांनी त्याचा अर्थ ओळखला. इतकी वर्षे यंत्रावर टिकतो कोण? एप्रिल महिन्यात त्या हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आल्या आणि केंद्र सरकारने तो नियम मागे घेतला.

तात्पर्य

पालकहो, घरची अडचण असते. मुलगा सातवी-आठवीत आला की त्याला यंत्रावर बसवावे असे मनात येते. मुलीच्या बाबतीत तर शिवणकाम आले की पुरे, असेही बोलले जाते. शिवणकाम जरूर शिकवा. सुट्टीत शिकवा, शाळा सांभाळून शिकवा. पण शाळेच्या बदल्यात शिकवू नका. न शिकलेला कारागीर तेच यंत्र चालवितो, तेवढेच टाके घालतो, आणि हिशोब मात्र दुसऱ्याच्या वहीत पाहतो.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे उद्या यंत्रावर बसतील त्यांनी त्यात कमीपणा मानू नये. फक्त पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी कराव्यात. आपल्या नगांचा हिशोब आपल्या हाताने आपल्या वहीत लिहावा. ज्या कागदावर सही करावयाची तो आधी पुरता वाचावा. आणि कामाच्या खोलीत शिरताच बाहेर पडण्याची दारे किती, आणि ती उघडी आहेत की नाहीत, हे पाहून ठेवावे.