सोलापूर किती लांब?

मागच्या महिन्यात ऑनसाइटला जाण्याआधी आजीला भेटायला माकणीला गेलो होतो. आजीने विचारलं, "लंडन किती लांब हाय रं?" म्हटलं, सात हजार दोनशे किलोमीटर, विमानाने दहाएक तास. "मग काय लई न्हाई. आमाला सोलापूरला जायाला तीन राती लागल्या हुत्या."

हे डोक्यातून जाईना. शेवटी एका शनिवारी अक्षांश-रेखांश घेऊन गणित मांडत बसलो.

आजीच्या त्या तीन रात्री 1948 च्या उन्हाळ्यातल्या. माकणी तेव्हा निजामाच्या राज्यात आणि सोलापूर भारतात. अंतर शंभर किलोमीटरच्याही आत. रझाकारांच्या धास्तीने मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं सरहद्दीपलीकडे निघून गेली, त्यात आमचे पणजोबाही होते. आजी दहा वर्षांची. गाडी फक्त रात्री हाकायची, बैलांच्या घुंगरमाळा काढून ठेवलेल्या, आणि दिवस उगवला की कुणाच्या तरी मळ्यात पडून राहायचं. धाकटा भाऊ रडला की आई त्याच्या तोंडावर हात ठेवायची, हे सांगताना आजी अजूनही आवाज खाली आणते.

आता त्याच वर्षातली दुसरी गोष्ट. 8 जून 1948 ला मुंबईहून एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' लंडनला निघालं. लॉकहीड कॉन्स्टेलेशन, चार पंख्यांचं विमान, 35 प्रवासी, त्यात संस्थानिकही. एका दमात एवढं अंतर कापण्याची सोय नव्हती, म्हणून वाटेत कैरो आणि जिनिव्हा. माझ्या हिशोबाने मुंबई-कैरो 4,340, कैरो-जिनिव्हा 2,820 आणि जिनिव्हा-लंडन 750, म्हणजे सगळं मिळून 7,900 किलोमीटर. वेग ताशी 480 धरला तर साडेसोळा तास हवेत, बाकी थांबे. साधारण एका दिवसात माणूस लंडनला! बोटीने जायला आठवडेच्या आठवडे लागायचे, तेव्हा लोकांना केवढं अप्रूप वाटलं असेल.

आणि इकडे शंभराच्या आतल्या अंतराला तीन रात्री. बैल ताशी चार किलोमीटर चालतो असं धरलं तरी हिशोब जुळत नाही. उरलेला सगळा वेळ लपण्यात गेला. हा आकडा कुठल्या सूत्रात बसवायचा?

बाकी मला माकणीहून मुंबईच्या विमानतळावर पोचायला अकरा तास लागले, म्हणजे पुढच्या विमानप्रवासापेक्षा जास्त. वरून मुंबई-हैदराबाद सरळ रेषा ओढून पाहिली तर ती माकणीच्या जवळूनच जाते. असो.

17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि दिवाळीआधी आमचे लोक गावी परतले. लंडनहून फोनवर आजीला विचारलं, येताना किती वेळ लागला?

"येताना व्हय? दिसाच आलो की. बैलं तीच, पर दोन दिसात घरी. अन् घुंगरमाळा घातल्या हुत्या."