एकसामयिक रेषीय समीकरणे

एकसामयिक रेषीय समीकरणे म्हणजे समान चले असलेल्या आणि एकत्रितपणे विचारात घेतलेल्या दोन किंवा अधिक रेषीय समीकरणांचा संच. चलांच्या ज्या किमतींनी संचातील सर्व समीकरणांचे समाधान होते, त्या किमतींना संचाची उकल म्हणतात. महाराष्ट्रात हा विषय माध्यमिक शाळेच्या बीजगणितात शिकवला जातो.

इतिहास

भास्कराचार्य (जन्म इ.स. १११४) यांनी 'बीजगणित' या ग्रंथात अनेक अज्ञात राशींच्या समीकरणांना 'अनेकवर्णसमीकरण' असे म्हटले आहे. त्यात पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत् आणि पुढील राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगवाचक नावे आहेत. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात, त्यांचे नातू चंगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा उल्लेख आहे. निश्चयकांच्या साहाय्याने उकल काढण्याची पद्धत स्विस गणिती गॅब्रिएल क्रेमर यांनी १७५० मध्ये प्रसिद्ध केली.

उदाहरण

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पाणलोट विकास आणि पाण्याच्या काटकसरीच्या वापरासाठी ओळखले जाते. अशा कमी पावसाच्या गावातील पीक नियोजनाचे एक काल्पनिक उदाहरण पुढीलप्रमाणे आहे. एकूण जमीन ५ एकर आणि उपलब्ध पाणी ९ एकके आहे. कांद्याला एकरी ३ एकके आणि बाजरीला एकरी १ एकक पाणी लागते. कांदा क्ष एकर व बाजरी य एकर मानल्यास,

क्ष + य = ५ … (१)
३क्ष + य = ९ … (२)

समीकरण (२) मधून समीकरण (१) वजा केल्यास य चा लोप होऊन २क्ष = ४ मिळते. म्हणून क्ष = २ आणि य = ३. सर्व जमीन व सर्व पाणी वापरणारी हीच एकमेव विभागणी होय.

पाणी ४ एककेच असल्यास क्ष = −१/२ येते. बीजगणिताच्या दृष्टीने ही उकल बरोबर असली, तरी क्षेत्रफळ ऋण असू शकत नाही. पाचही एकरांत केवळ बाजरी घेतली तरी ५ एकके पाणी लागते. म्हणून काही जमीन पड ठेवावी लागेल.

उकलींची संख्या

दोन चलांतील प्रत्येक रेषीय समीकरणाचा आलेख एक सरळ रेषा असतो. दोन रेषा एका बिंदूत छेदत असतील तर एकमेव उकल मिळते; रेषा समांतर असतील तर उकल नसते आणि एकरूप असतील तर अनंत उकली असतात. सहगुणकांचा निश्चयक शून्य नसेल तरच उकल एकमेव असते. वरील उदाहरणात तो १×१ − १×३ = −२ आहे.