नंबर तोच, तार मात्र गेली

मंडळी, या वीकेंडचा विषय वरवर बघता अगदीच किरकोळ आहे. आपण नोकरीपायी पुण्यात नाहीतर बंगळुरात, आणि आई-बाबा जळगावला किंवा धुळ्याला. घरातली तांब्याची टेलिफोन लाइन काढून फायबर घ्यायचं ठरतं. स्पीड किती, महिन्याला किती पैसे हे सगळं आपण विचारतो. बाबा मात्र एकच विचारतात, "नंबर तोच राहील ना?"

बीएसएनएलची लाइन असेल आणि त्याच गावात बीएसएनएलचंच फायबर घेत असाल, तर उत्तर "हो, राहतो" असं आहे. पण हा "हो" शक्य व्हायला जवळपास शंभर वर्षं लागली, आणि त्याला आजही दोन-तीन अटी चिकटलेल्या आहेत. त्याचाच हा इतिहास.

सुरुवातीला नंबर म्हणजे चक्क एक भोक होतं! जानेवारी १८८२ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला एक्स्चेंज सुरू झाली, तेव्हा ऑपरेटरसमोर एक बोर्ड असायचा. प्रत्येक ग्राहकाची तार त्यावरच्या एकेका भोकाशी आलेली. ऑपरेटर एका भोकातली दोरी दुसऱ्यात खुपसायचा, की झालं कनेक्शन.

मग आला अल्मन स्ट्राउजर. हा गृहस्थ अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करायचा. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता, अशी गोष्ट सांगतात. कारण काहीही असो, १८९१ मध्ये त्याला ऑटोमॅटिक एक्स्चेंजचं पेटंट मिळालं. तुम्ही डायलवर ४ फिरवला की एक्स्चेंजमधला लोखंडी हात चार पायऱ्या चढणार, मग ७ फिरवला की सात घरं सरकणार. शेवटी तो ज्या टोकाला टेकेल, ती तुमच्या घराची तार.

आपल्या भाषेत सांगायचं तर नंबर हार्डकोड केलेला होता. नंबर हाच पत्ता आणि पत्ता हीच तार. घर बदलून दुसऱ्या एक्स्चेंजच्या हद्दीत गेलात की नंबर बदलणारच. यात कुणाचा आडमुठेपणा नव्हता, यंत्रच तसं होतं.

त्यात खानदेशातल्या बहुतेक घरांत फोन नव्हताच. जुन्या लग्नपत्रिका काढून बघा, नंबरापुढे कंसात "पी. पी." लिहिलेलं सापडेल. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप आमचा! गल्लीतला एक नंबर दहा घरांना पुरायचा. जळगाव ते धुळे अंतर नव्वदेक किलोमीटरच, पण बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करा. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे तीन भाव. आपण थेट फिरवायचा एसटीडी भारतात पहिल्यांदा आला तो २५ नोव्हेंबर १९६० ला, कानपूर-लखनौ मार्गावर. बाकीच्या गावांना हळूहळू, एकेक करून मिळाला.

खरा बदल झाला तो ऐंशीच्या दशकात. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं, सॅम पित्रोदा हे नाव घरोघरी पोचलं, आणि भारतीय हवेत, धुळीत, एसीशिवाय चालेल असं छोटं डिजिटल ग्रामीण एक्स्चेंज तयार झालं. पुढे चौकाचौकात पिवळे एसटीडी बूथ आले, ते तुम्हाआम्हाला आठवतातच. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. डिजिटल एक्स्चेंजमध्ये नंबर आणि तार यांची फारकत झाली. कुठला नंबर कुठल्या जोडीवर हे आता एका टेबलमध्ये लिहिलेलं. तार बदला, टेबलमधली एक ओळ बदला, नंबर तोच!

नंबरांचं आजचं रूप २००३ च्या राष्ट्रीय योजनेतलं. नियम साधा आहे: पुढचं शून्य सोडलं तर एसटीडी कोड आणि नंबर मिळून दहा आकडे. जळगावचा कोड २५७, म्हणून नंबर सात आकडी. धुळ्याचा २५६२, म्हणून नंबर सहा आकडी. भुसावळ जळगावपासून अर्ध्या तासावर, पण त्याचा कोड वेगळा, २५८२. शिरपूर २५६३, नंदुरबार २५६४, शहादा २५६५. नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला, तरी कोडांची ही रांग जुन्या जिल्ह्याची आठवण धरून बसली आहे.

नंबराचा पहिला आकडा कंपनी सांगतो. २ असेल तर बीएसएनएल (मुंबई-दिल्लीत एमटीएनएल), ४ असेल तर एअरटेल, ६ म्हणजे टाटा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता फायबर. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ केबीपीएस. डिजिटल एक्स्चेंज हेच करत होतं. फायबरवर तेच नमुने पाकिटांत भरून आयपीवरून जातात. घरातला तो पांढरा डबा (ओएनटी) चालू झाला की कंपनीच्या सर्व्हरला सांगतो, "हा नंबर आत्ता माझ्याकडे आहे." या नोंदणीच्या भाषेचं नाव सिप. तिचं आज वापरात असलेलं मानक २००२ सालचं. म्हणजे टेबलमध्ये आता तारेचं नावसुद्धा उरलं नाही. नंबर हे फक्त एक लॉगिन झालं! सी-डॉटनेही आपल्या जुन्या मॅक्स एक्स्चेंजांना आयपीवर नेणारं मॅक्स-एनजी बनवलं.

मग तुम्ही म्हणाल, नंबर लॉगिनच असेल तर तो कुठल्याही कंपनीकडे नेता यायला हवा. तांत्रिकदृष्ट्या हवाच! अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने लोकल नंबर पोर्ट करायचा हक्क दिला आणि २००७ मध्ये तो इंटरनेट फोनलाही लागू झाला. त्यामुळे न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब घरचा जुना नंबर स्वस्तातल्या इंटरनेट फोनवर नेऊ शकतं. आपल्याकडे इंटरनेट टेलिफोनी १ एप्रिल २००२ ला खुली झाली, पण अर्धवट. कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरला बोला, परदेशातल्या फोनवर बोला, भारतातल्या साध्या फोनवर मात्र नाही. ही गाठ सुटली २०१८ मध्ये. आणि २० जानेवारी २०११ ला देशभर आलेली नंबर पोर्टेबिलिटी फक्त मोबाइलची. लँडलाइन तिच्या बाहेरच राहिली.

थोडक्यात काय, यंत्राने नंबर सोडला पण नियमाने धरून ठेवला. २ ने सुरू होणारा बाबांचा नंबर घेऊन तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या फायबरवर जाऊ शकत नाही. तिथे नवा नंबर मिळणार. धुळ्याचा नंबर जळगावलाही नेता येत नाही, तो धुळ्याच्या कोडला बांधलेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने लँडलाइनचे नंबर गावाऐवजी अख्ख्या टेलिकॉम सर्कलला बांधावेत अशी शिफारस केली. ती अमलात आली तर ही दुसरी गाठ सैल होऊ शकते.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र आपण गमावली, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. वीज! तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर ४८ व्होल्टही यायचे, एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांच्या खोलीतून. म्हणून लोडशेडिंगच्या त्या वर्षांत, दीपनगरचं वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात असून घरात अंधार असायचा, तेव्हाही फोन चालू असायचा. पलीकडून "कोन बोली ऱ्हायनं?" ऐकू यायचं. काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, वीज येत नाही. घरची लाइट गेली की डबा बंद, डबा बंद की फोन बंद.

तांब्याकडे परत जा असं मी म्हणत नाहीये. देशातले लँडलाइन ग्राहक २००६ च्या सुमारास ५ कोटी होते, २०२० पर्यंत २ कोटींवर आले. त्याच वर्षी जानेवारीअखेर बीएसएनएलच्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कुठल्या खांबावर कुठली जोडी हे तोंडपाठ असलेली माणसंच गेली, तर ती तार टिकणार कशी? आता ही संख्या पुन्हा वाढलीये ती फायबरमुळेच.

तेव्हा पुढच्या सुट्टीत गावी गेलात तर पाच गोष्टी करा. जुनी लाइन आधी सरेंडर करू नका. नंबर तोच ठेवून फायबरवर बदली हवी असं अर्जातच लिहा. डब्याला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा (अ‍ॅडॉप्टरवरचा व्होल्टेज बघून घ्या). गोल डायलचा जुना फोन असेल तर तो लावून तपासा, बऱ्याच डब्यांना त्याचे पल्स कळत नाहीत. आणि लाइट गेल्यावर काय करायचं हे आई-बाबांना समजावून सांगा. १०८ ला फोन लावायची वेळ मीटर बघून येत नाही.

नंबर टिकवणं हा नुसता हळवेपणा नाही. दाणाबाजारातल्या पाटीवर, बँकेच्या पासबुकात, मामाच्या डायरीत तोच नंबर आहे. त्यातली निम्मी माणसं नवा नंबर लिहून घेणार नाहीत, कारण त्यांना तो कळवायला आपल्याकडे त्यांचे नंबर नाहीत. जुना नंबर चालू असेपर्यंत निदान त्यांना आपण सापडतो.