बागेतले गुलाब फुलदाणीत कसे लावायचे? ताजी फुलं जास्त दिवस टिकवण्याची सोपी पद्धत

पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास छाटलेली गुलाबाची झाडं साधारण ६ ते ७ आठवड्यांनी फुलावर येतात. म्हणूनच नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा महाराष्ट्रातल्या अंगणातल्या आणि गच्चीवरच्या गुलाबांचा खरा बहर. कुंडीतल्या झाडाला एका वेळी चार-पाच फुलं आली तरी खूप वाटतात. त्यातली दोन तोडून हौसेनं फुलदाणीत ठेवावीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मान टाकलेली दिसावी, असं अनेक घरांत होतं. बहुतेक वेळा यात फुलाचा दोष नसतो. त्याला पाणी पोहोचलेलं नसतं.

गुलाब मान का टाकतो?

गुलाबाच्या दांड्यात केसापेक्षाही बारीक नळ्या असतात. झाडावर असताना या नळ्यांतून मुळांपासून पानांपर्यंत पाण्याची अखंड धार चालू असते. पानांतून पाण्याची वाफ उडत राहते आणि त्या ओढीनं खालचं पाणी वर खेचलं जातं. दांडा कापला तरी ही ओढ थांबत नाही. फक्त आता खालून पाण्याऐवजी हवा आत शिरते. हवेचा बुडबुडा नळीत अडकला की वाट बंद.

दुसरा अडथळा जिवाणूंचा. कापलेल्या टोकातून रस झिरपतो, पाण्यात बुडालेली पानं कुजतात आणि त्यावर जिवाणू वाढतात. त्यांचा चिकट थर नळ्यांच्या तोंडाशी बसतो. फुलदाणी काठोकाठ भरलेली असली तरी फूल तहानलेलंच राहतं.

फुलाच्या लगेच खालचा भाग कोवळा असतो. तो आतल्या पाण्याच्या दाबावरच ताठ उभा असतो. पाणी कमी पडलं की तोच सगळ्यात आधी वाकतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या हवा आणि जिवाणू या दोघांना दूर ठेवण्यासाठीच आहेत.

कोणतं फूल तोडायचं?

बागेतला गुलाब अगदी घट्ट कळी असताना तोडला तर तो अनेकदा उमलतच नाही. पूर्ण उमललेला तोडला तर लवकर गळतो. कळीखालची हिरवी निदलं खाली वळलेली असावीत आणि बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटायला लागलेल्या असाव्यात. हीच योग्य वेळ. खूप पाकळ्यांची भरगच्च जात असेल, तर फूल आणखी थोडं उमलू द्यावं.

जातीचाही फरक पडतो. ‘ग्लॅडिएटर’सारख्या लांब दांड्याच्या जाती फुलदाणीसाठी उत्तम. सुगंधी गावठी गुलाबाच्या पाकळ्या मात्र एक-दोन दिवसांतच सुटतात. तो पसरट भांड्यातल्या पाण्यावर तरंगत ठेवला तर जास्त शोभतो.

कधी आणि कुठे कापायचं?

तोडणी सकाळी लवकर करावी. रात्रभरात झाडानं पाणी भरून घेतलेलं असतं. आदल्या संध्याकाळी झाडाला पाणी द्यायला विसरू नये. भर दुपारी तोडलेलं फूल आधीच तहानलेलं असतं.

कापण्याची जागा फुलाइतकीच झाडासाठीही महत्त्वाची आहे. गुलाबाचं एक पान म्हणजे एका देठावरच्या तीन, पाच किंवा सात छोट्या पानांचा संच. पाचच्या संचाजवळ, झाडाच्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधा आणि त्याच्या साधारण ५ मिलिमीटर वर कापा. त्याच डोळ्यातून पुढची फांदी आणि पुढचं फूल येतं. त्या फांदीवर असे किमान दोन संच शिल्लक ठेवावेत. लांब दांड्याच्या मोहानं फांदी बुडापासून कापली, तर झाडाचं अन्न तयार करणारी पानंच कमी होतात. लहान किंवा नव्या झाडाच्या बाबतीत दांडा आखूडच ठेवलेला बरा.

कात्री धारदार आणि स्वच्छ हवी. बोथट कात्रीनं दांडा चेचला जातो आणि नळ्या दबतात. पाण्याची छोटी बादली झाडाजवळच न्यावी आणि कापलेलं फूल लगेच त्यात ठेवावं. मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये व्यापारासाठी गुलाब पिकवणारेही तोडलेली फुलं पाण्यात ठेवून मग शीतगृहात नेतात.

घरात आणल्यावर काय करायचं?

१. पाण्याच्या पातळीखाली येणारी सगळी पानं काढा. वरची थोडी राहू द्या.

२. काटे ओरबाडून काढू नका. साल सोलली की जिवाणूंना नवी वाट मिळते. हाताला लागणाऱ्या काट्यांची फक्त टोकं कापा.

३. पसरट भांड्यात पाणी घेऊन दांड्याचं टोक त्यात बुडवा आणि पाण्याखालीच २ ते ३ सेंटिमीटर तिरका काप द्या. हवा अडकलेला भाग निघून जातो आणि नव्या कापात थेट पाणी शिरतं. तिरक्या कापामुळे टोक भांड्याच्या तळाला चिकटून बंद होत नाही.

४. खोल भांड्यात कोमट पाणी घेऊन फुलं दोन-तीन तास थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. कोमट पाणी दांड्यात लवकर चढतं.

ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. पण पाणी पिऊन ताठ झालेलं फूल मांडायला सोपं जातं आणि टिकतंही जास्त.

फुलदाणीत मांडणी कशी करायची?

बागेतल्या गुलाबांचे दांडे दुकानातल्या फुलांसारखे सरळ आणि लांब नसतात. त्यामुळे उंच, रुंद तोंडाच्या फुलदाणीत ते आडवे पडतात. त्यांच्यासाठी बुटकं आणि अरुंद तोंडाचं भांडं निवडा. काचेचा पेला, लोणच्याची रिकामी बरणी किंवा छोटा तांब्याही चालतो.

ढोबळ नियम असा: मांडणीची उंची भांड्याच्या उंचीच्या साधारण दीडपट. भांडं १५ सेंटिमीटरचं असेल, तर भांड्याच्या तळापासून सगळ्यात उंच फुलापर्यंत २२-२३ सेंटिमीटर पुरे.

तोंड रुंद असेल, तर त्यावर पारदर्शक चिकटपट्टीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या लावून जाळी करा. प्रत्येक चौकोनात एक-दोन दांडे बसवले की फुलं सरकत नाहीत. हिरवा फ्लोरल फोम टाळलेला बरा. तो प्लास्टिकचाच प्रकार आहे. तो कुजत नाही, नुसता भुगा होऊन मातीत-पाण्यात मिसळतो.

आधी पाला बसवा. घरच्या बागेतली तुळस, कढीपत्ता किंवा फर्नही चालतं. मग सगळ्यात मोठं, जास्त उमललेलं फूल मध्यभागी थोडं खाली ठेवा. कळ्या आणि अर्धी उमललेली फुलं वर आणि कडेला. तीन किंवा पाच अशी विषम संख्या घेतली, तर मांडणी नैसर्गिक दिसते. भांडं फिरवत फिरवत सगळ्या बाजूंनी पाहा. दोन फुलांमध्ये थोडी मोकळी जागा सोडा, कारण कळ्या उद्या मोठ्या होणार आहेत.

पाणी आणि रोजची काळजी

फुलदाणी आधी साबणानं घासून धुवा. पाणी रोज, निदान दिवसाआड बदला आणि प्रत्येक वेळी दांड्याचं टोक थोडं कापा. बाकी काही जमलं नाही तरी एवढं जरूर करा.

पाण्यात नुसती साखर घालू नका. फुलाला थोडं अन्न मिळतं, पण जिवाणूंची मेजवानी होते. दुकानात मिळणाऱ्या फुलांच्या पुडीत साखरेसोबत आम्ल आणि जंतुनाशकही असतं, म्हणून ती चालते. तांब्याचं नाणं किंवा ॲस्पिरिनची गोळी टाकण्यापेक्षा ताज्या पाण्यावर भर द्या. लिंबू घातलेलं पाणी मात्र पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवू नका, भांडं कळकतं.

फुलदाणी उन्हात, पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात ठेवू नका. पिकलेली केळी आणि आंबे यांच्यापासूनही ती लांब हवी. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्यानं अनेक जातींची फुलं लवकर गळतात. धुरातही इथिलीन असतं, त्यामुळे उदबत्तीशेजारची जागाही टाळा.

मान टाकलीच, तर?

फूल लगेच फेकू नका. दांडा पाण्याखाली पुन्हा कापा आणि फुलासकट अख्खा दांडा कोमट पाण्यात अर्धा ते एक तास आडवा बुडवून ठेवा. अडथळा फक्त हवेचा असेल, तर मान बहुधा पुन्हा ताठ होते. पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडल्या असतील, तर मात्र फुलाचं वय झालं असं समजावं.

बागेतला गुलाब किती दिवस टिकतो?

नीट काळजी घेतली तर साधारण तीन ते पाच दिवस. दुकानातला गुलाब याहून जास्त टिकतो, कारण त्या जाती लांबचा प्रवास आणि टिकाऊपणा पाहूनच निवडलेल्या असतात. त्यांत सुगंध बहुधा मागे पडतो. घरच्या गुलाबाचे दिवस थोडे, पण तेवढे दिवस खोलीत वास दरवळतो. गळलेल्या पाकळ्या कंपोस्टमध्ये टाका. झाडावर औषध फवारलं असेल, तर त्यांचा गुलकंद मात्र करू नका.